शीतगृहाच्या जाळ्यापर्यंत : प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल २०२४

देवगडजवळच्या जामसंड्याला जाऊन आलो. काकांचा आंबा पल्पचा कारखाना वर सड्यावर आहे. शीतगृह त्याच आवारात, पण खाली उताराला, वेगळ्या इमारतीत. कार्यालयातून खाली जायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. गोठवलेला पल्प उणे १८ अंशांवर ठेवतात, आणि तो आकडा दिसतो फक्त खालच्या पॅनेलवर. रात्रपाळीचे ऑपरेटर साठीला आलेले. रात्री बाराला आणि तीनला बॅटरी घेऊन खाली उतरायचं, आकडा वहीत लिहायचा, परत वर यायचं, हा त्यांचा नेम. "झिला, पायऱ्या उतरताना गुडगे दुकतत," म्हणाले. वही उघडून दाखवली. एकही रात्र कोरी नाही.

मागणी अशी की तो आकडा वर कार्यालयात दिसावा, आणि काकांचा मुलगा पुण्यात असतो, त्यालाही तिथून दिसावा. कार्यालयापर्यंत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा खाजगी बोगदा, आहेच, गेल्या वर्षी मीच बसवलेलं. "मगे तोच खालपर्यंत ओढून घे," असं काकांचं म्हणणं. पण शीतगृहाचं जाळं (नेटवर्क) कार्यालयाच्या जाळ्यात मोडत नाही. यंत्रं बसवणाऱ्यांनी ते वेगळं ठेवलंय, आणि ते योग्यच केलंय. बिलिंगच्या संगणकात शिरलेला व्हायरस कॉम्प्रेसरच्या नियंत्रकापर्यंत जाता कामा नये.

१९ एप्रिल

आज नुसतं कागदावर काम. असं आहे :

कार्यालयाचं जाळं १९२.१६८.१.०/२४ (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे सगळ्यांचे तेच, शेवटचा ज्याचा त्याचा). शीतगृहाचं १९२.१६८.२५०.०/२४, त्यात नियंत्रक १९२.१६८.२५०.१ वर. दोन्ही जाळ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कार्यालयात माझा मिनी पीसी आहे, त्यावर लिनक्स आणि वायरगार्ड (व्हीपीएन चालवणारा प्रोग्राम). इंटरनेट फायबरचं आहे, पण राउटरला बाहेरून मिळणारा पत्ता १००.६४ ने सुरू होतो. म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देते, आणि बाहेरून थेट आत येता येत नाही. म्हणूनच गेल्या वर्षी मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला होता. मिनी पीसी आतून त्याला जोडून असतो, आणि बाहेरची माणसंही त्यालाच जोडतात. सर्व्हर १०.७७.०.१, मिनी पीसी १०.७७.०.२, पुण्याचा लॅपटॉप १०.७७.०.३.

म्हणजे पुण्याहून निघालेल्या पॅकेटला (माहितीच्या पुडक्याला) मुंबई, मग जामसंडे कार्यालय, मग खालचं शीतगृह अशा तीन ठिकाणी पुढची वाट ठाऊक हवी. आणि उत्तराला तीच वाट उलटी.

मिनी पीसीला दोन नेटवर्क पोर्ट आहेत. दुसरं रिकामं आहे. दोन इमारतींमध्ये कुणीतरी पूर्वी टाकलेली तांब्याची केबल आहे, पाईपातून. ती वापरावी असं तूर्त ठरवलं. मनातून फायबरच हवी होती, पण हंगामात खोदाई नको, असं काका म्हणाले.

२४ एप्रिल

खालचं काम सुरू करायच्या आधीच अडलं. पुण्याच्या दादाला कार्यालयाचा राउटर उघडून बघायला सांगितलं, १९२.१६८.१.१. पान उघडलं, पण त्यावर त्याच्याच घरच्या वायफायचं नाव! त्याच्या घरचं जाळंही १९२.१६८.१.०/२४ आहे. लॅपटॉपच्या दृष्टीने हा पत्ता भिंतीपलीकडचा नसून शेजारच्या खोलीतलाच, मग तो बोगद्यात पॅकेट टाकील कशाला? गेल्या वर्षी फक्त कणकवलीचे अकाउंटंट जोडायचे, त्यांच्या घरचं जाळं वेगळं होतं, म्हणून हे कधी वर आलंच नाही.

खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवलेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) नुसार : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पहिल्या पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. एवढं मोकळं रान असताना आपण सगळे राउटर खोक्यातून निघतो तसाच लावतो, आणि मग गावोगावी तोच १९२.१६८.१. ज्या जाळ्यात कधीतरी बाहेरून यायचं आहे, त्याला पहिल्याच दिवशी आडवळणाचा पत्ता द्यायला हवा. गेल्या वर्षी मी तो दिला नव्हता.

पत्तेबदल करून टाकणं हाच उपाय. नवीन जाळं १०.४१.१०.०/२४. पण बिलिंग चालू असताना हे जमायचं नाही. सुट्टी हवी.

७ मे

मतदानाची सुट्टी. सकाळी सातला कणकवलीत मत देऊन निघालो, नांदगाव तिठ्यावरून आत. कारखाना बंद, वर फक्त चौकीदार.

पत्तेबदलाला साडेपाच तास लागले. संगणकांनी नवा पत्ता आपापला घेतला. वेळ गेला तो हाताने पत्ता घातलेल्या वस्तूंवर : दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं यंत्र, वजनकाट्याचा संगणक. हजेरीच्या यंत्राचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. शेवटी यंत्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला सापडला.

मुख्य राउटरवर एक राउट (वाटेची सूचना) टाकला : १०.७७.०.०/२४ साठी १०.४१.१०.५ कडे जा, म्हणजे मिनी पीसीकडे. हा नसता तर कार्यालयातल्या संगणकांची उत्तरं इंटरनेटच्या दिशेने निघून हरवली असती. संध्याकाळी दादाने पुण्याहून प्रिंटरचं पान उघडलं. आता खरोखर जामसंड्याचंच.

बिलिंगच्या संगणकावरचा फोल्डर मात्र त्याला दिसेना. विंडोजची भिंत (फायरवॉल) फाइल शेअरिंग आपल्याच जाळ्यातल्यांना देते. १०.७७ हे तिच्या लेखी परकं. त्या नियमात तेवढा पट्टा वाढवला.

९ मे

दुसऱ्या पोर्टात शीतगृहाची केबल लावली. मिनी पीसीला त्या बाजूने १९२.१६८.२५०.२०० हा पत्ता दिला. मिनी पीसीवरून नियंत्रकाला पिंग केलं, म्हणजे «आहेस का?» अशी हाक मारली, उत्तर लगेच.

मग सर्व्हरवर हाताने राउट टाकून बघितला, तर पिंग करताच संदेश आला : «रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल». वायरगार्डची ही पद्धत लक्षात ठेवायला हवी. त्याला नुसता राउट पुरत नाही. कुठला पत्ता कुठल्या जोडीदाराच्या किल्लीने बंद करायचा हे तो त्या जोडीदारापुढच्या «अलाउड आयपीज» यादीवरून ठरवतो. १९२.१६८.२५०.० कुणाच्याच यादीत नव्हता, म्हणून किल्लीच नाही. येणाऱ्या पॅकेटलाही तीच यादी लागू. ज्या जोडीदाराकडून आलं, त्याच्या यादीत पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं.

याद्या आता अशा. सर्व्हरवर, मिनी पीसीच्या पुढे : १०.७७.०.२/३२, १०.४१.१०.०/२४, १९२.१६८.२५०.०/२४. पुण्याच्या लॅपटॉपवर, सर्व्हरच्या पुढे : १०.७७.०.०/२४ आणि तेच दोन पट्टे. मिनी पीसीवर, सर्व्हरच्या पुढे : फक्त १०.७७.०.०/२४. एकच पट्टा दोन जोडीदारांपुढे लिहायचा नाही, नाहीतर शेवटचा लिहिलेला तो घेऊन टाकतो आणि पहिल्याकडून तो गुपचूप निघून जातो.

पुण्याहून १९२.१६८.२५०.२०० ला पिंग केलं. उत्तर आलं. दादा खूश. मीही क्षणभर खूश. पण हे उत्तर मिनी पीसीचं स्वतःचं. त्याच्या पायाला दोन्ही बाजूंनी हात लागतो, त्यावरून पलीकडे जाता येतं हे सिद्ध होत नाही. पुढचा पत्ता, .१, गप्पच होता.

१० मे

अक्षय्य तृतीया. काकूंनी जेवायला थांबवलं, पुरणपोळी.

सकाळ सगळी .१ च्या मागे. मिनी पीसीवर एका खिडकीत «टीसीपीडंप» (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) वायरगार्डच्या बाजूला लावला, दुसऱ्या खिडकीत शीतगृहाच्या पोर्टला. दादाला पुण्याहून पिंग चालू ठेवायला सांगितलं. डाव्या खिडकीत दर सेकंदाला एक ओळ : १०.७७.०.३ कडून १९२.१६८.२५०.१ कडे, इको रिक्वेस्ट. म्हणजे इथवर पोचतंय. पण उजवी खिडकी कोरी. कार्यालयातल्या प्रिंटरकडे पॅकेट पुढे जातं, तर इथेही तीच ओळ यायला हवी होती.

नियम वाचून काढले. पॅकेट पुढे ढकलायची परवानगी गेल्या वर्षी मी फक्त कार्यालयाच्या पोर्टापुरती दिली होती. शीतगृहाच्या पोर्टासाठी नियम वाढवला. उजव्या खिडकीत ओळी धावू लागल्या. दर सेकंदाला एक, सगळ्या जाणाऱ्या. येणारी एकही नाही.

नियंत्रक बंद आहे का? नाही. त्याच खिडकीत मिनी पीसी विचारतोय, २५०.१ कुणाकडे आहे? आणि नियंत्रक आपला हार्डवेअर पत्ता सांगतोय. जागा आहे, शेजाऱ्याशी बोलतोय. मिनी पीसीवरून साधं पिंग, उत्तर आलं. मग त्याच मिनी पीसीवरून, पण पाठवणाऱ्याचा पत्ता १०.७७.०.२ ठेवून पिंग. उत्तर नाही. केबल तीच, यंत्र तेच, अंतर तेच. फरक फक्त «कुणाकडून» याचा. म्हणजे निरोप पोचतोय, पण उत्तर कुठे धाडायचं हे नियंत्रकाला कळत नाही.

खाली जाऊन पॅनेलवर सेटिंगचं पान काढलं. पत्ता आहे, मास्क आहे. गेटवे (जाळ्याबाहेर जायचं दार) : ०.०.०.०. बसवणाऱ्याने कधी भरलाच नाही, त्याला गरजच नव्हती. ऑपरेटर बाजूला उभे होते, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जावची गाडी आसा, परतीची नाय." अगदी तसंच.

दोन दिवस माणसं व्हीपीएनच्या जाण्याच्या वाटेवर डोकं आपटतात, मी धरून. यापुढे पहिला प्रश्न हाच : समोरच्याला परत यायची वाट ठाऊक आहे का?

११ मे

गेटवे भरायला एक मिनिट लागलं असतं. पण पॅनेलच्या कंपनीने फोनवर सांगितलं, हंगाम चालू असताना नियंत्रकाची नेटवर्क सेटिंग बदलू नका, बदल पक्का होताना तो पुन्हा सुरू होतो. कॉम्प्रेसर त्याच्यावर चालतात. आत टनांनी पल्प. मी हात लावला नाही.

दुसरा मार्ग मास्करेड. शीतगृहाच्या पोर्टातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर पाठवणारा म्हणून मिनी पीसीने स्वतःचा पत्ता लिहायचा, १९२.१६८.२५०.२००. नियंत्रकाला वाटतं शेजारीच विचारतोय, तो शेजाऱ्याला उत्तर देतो, मिनी पीसी ते खऱ्या माणसाकडे पोचवतो. एक ओळीचा नियम. टाकला, आणि फोनवर दादाचा आवाज, "आलं, आलं."

हा उपाय मला तात्पुरताच मान्य आहे. नियंत्रकाच्या नोंदीत पुणे असो, कणकवली असो, सगळे २५०.२०० म्हणूनच दिसतात. कुणी काय केलं ते शोधायची वेळ आली तर तो कागद उपयोगाचा नाही. हंगाम संपला की गेटवे भरायचा आणि ही ओळ काढायची.

१४ मे

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाट झाली, पण ती किती रुंद?

नियंत्रक मॉडबस बोलतो, पोर्ट ५०२ (हा केबलचा पोर्ट नव्हे, यंत्राच्या आतल्या दाराचा क्रमांक). ही भाषा १९७९ ची, मोडिकॉन कंपनीची. त्या काळी तारेच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस असायचा, म्हणून तिच्यात पासवर्ड नाही, ओळख विचारणं नाही. तापमान वाचायचा आदेश क्रमांक ३, आकडा बदलायचा क्रमांक ६, आणि दोन्ही त्याच पोर्टातून जातात. पोर्ट उघडं म्हणजे वाचणंही उघडं आणि उणे १८ चं अधिक १८ करणंही उघडं. साध्या भिंतीला यातला फरक कळत नाही.

म्हणून व्हीपीएनवरून ५०२ पूर्ण बंद. कुणालाच नाही, मलाही नाही. मॉडबस फक्त मिनी पीसी बोलेल, मिनिटाला एकदा, फक्त वाचायला. बाहेरच्यांनी मिनी पीसीवरचं पान बघायचं. पॅनेलचं स्वतःचं पान, पोर्ट ८०, फक्त १०.७७.०.३ ला. बाकी जे सांगितलं नाही ते सगळं नाकारायचं.

पहिलं वाचन आलं ते ६५३५.४ अंश. ऑपरेटर घाबरले. रजिस्टरमध्ये १६ बिटांचा आकडा असतो आणि माझा प्रोग्राम त्याला ऋण चिन्ह देत नव्हता. ६५३५४ मधून ६५५३६ वजा केले की उणे १८२, आणि दशांश एक घर : उणे १८.२. दुरुस्त केलं. खाली पॅनेलवर तोच आकडा. ऑपरेटरनी वहीतही तोच लिहिला आणि पुढे कंसात «वरून» असं लिहिलं.

इशारा : उणे १५ च्या वर सलग दहा मिनिटं राहिलं तर फोनवर संदेश. माल आत-बाहेर करताना दार उघडतं तेव्हा आकडा चार-पाच मिनिटं चढतोच, त्यासाठी कुणाची झोप मोडू नये.

१७ मे

काका देवगडच्या जेटीवर, मोबाइलवरून आकडा दिसतो पण पॅनेलचं पान अर्धंच येतं आणि अडकतं. छोटं जातं, मोठं अडकतं, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार). (काकांच्या फोनसाठी १०.७७.०.४ आधी जोडला, नियमातही.) लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन, पॅकेट तोडायला मनाई करून पिंग केलं. १३९२ बाइटचं वाटेत गळतं. १२५२ चं पोचतं. त्यात २८ बाइट शीर्षकाचे धरले की १२८०. फोनवर वायरगार्डचा एमटीयू १४२० चा १२८० केला. पान पूर्ण आलं. कार्यालयातल्या फायबरला १४२० चालतो, तिथे हात लावला नाही.

२० मे

रात्री नऊला वळवाचा पाऊस, विजा. वीज गेली, जनरेटरवर शीतगृह चालू. दहाला वीज आली. दादाचा फोन : कार्यालय दिसतं, शीतगृह नाही.

कणकवलीहून बघितलं. मास्करेडची ओळच नाही! मी ती आदेश देऊन टाकली होती, जतन केली नव्हती. मिनी पीसी नव्याने सुरू झाला आणि सगळे नियम पुसले गेले. हे तरी समजण्यासारखं. पण त्याबरोबर «बाकी सगळं नाकारा» हाही नियम गेला होता. म्हणजे तासभर दार सताड उघडं होतं, आणि आत कुणी शिरू शकलं नाही ते नियंत्रकाला परतीची वाट माहीत नव्हती म्हणून. हे मला फार लागलं. माल त्यांचा, भरवसा माझ्यावर.

नियम पुन्हा टाकले, फायलीत जतन केले, सुरू होताना आधी नियम आणि मग वायरगार्ड असा क्रम लावला. मग मुद्दाम तीन वेळा मिनी पीसी बंद-चालू करून बघितला. तिन्ही वेळा सगळं आपोआप उभं राहिलं.

२१ मे

सकाळी जामसंडे. कालच्या विजेत खालच्या स्विचचं एक पोर्ट जळलेलं, तांब्याच्या केबलचं टोक होतं तेच. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी. सड्यावर जांभा, मे महिन्यात कोरडा ठणठणीत, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतल्याशिवाय जमीन वीज घेत नाही. अशा ठिकाणी दोन इमारती तांब्याने जोडणं म्हणजे विजेला पूल बांधून देणं. काकांना जळलेला स्विच दाखवला. ते लगेच म्हणाले, "फायबर घाल."

२५ मे

फायबर टाकली, जुन्याच पाईपातून. खोदाई लागली नाही. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर. तांब्याची केबल पूर्ण ओढून बाहेर काढली, नाहीतर उद्या कुणीतरी पुन्हा जोडील.

९ जून

पावसाने धरलंय. पहाटे २:४० ला इशारा, उणे १४.६. मी फोन करेपर्यंत ऑपरेटर खाली पोचलेले. एक कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता, त्यांनी दुसरा चालू केला. ३:५० ला उणे १६.१, पाचला उणे १७.४. पूर्वीच्या नेमाने ते तीनला उतरले असते. वीस मिनिटांचाच फरक पडला, पण जेवढा पडला तेवढा मालाच्या बाजूने पडला.

४ जुलै

हंगाम संपला. पॅनेलच्या कंपनीचा माणूस देखभालीला आला होता. दोन्ही कॉम्प्रेसर थांबवून त्याने गेटवे भरला : १९२.१६८.२५०.२००. नियंत्रक पुन्हा सुरू झाला. मी मास्करेडची ओळ काढली, नियम जतन केले, मिनी पीसी बंद-चालू केला. पुण्याहून पिंग, उत्तर आलं. पॅनेलच्या नोंदीत आता १०.७७.०.३ असा खरा पत्ता दिसतो.

पत्ते, राउट आणि नियम असं सगळं एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलं, वर प्लॅस्टिक. ऑपरेटरनी तसाच एक कागद मागून घेतला आणि वहीच्या पहिल्या पानावर लावला. वही त्यांनी बंद केलेली नाही. रात्री बारा आणि तीन, आता कार्यालयात बसून लिहितात.